मूग गिळणारे आणि बीन्स सांडणारे: इंग्रजी वाक्प्रचार शिकवताना

शिकवायला लागले त्या पहिल्याच वर्षी मी पन्नास इंग्रजी वाक्प्रचारांची यादी तयार केली. समोर मराठी अर्थ लिहिले, झेरॉक्स काढून वाटल्या आणि आठवड्याभराने चाचणी घेतली. बहुतेकांना चाळीसच्या वर गुण पडले आणि मी खूश झाले. महिन्याभराने निबंध तपासायला बसले, तर एका मुलीने लिहिलं होतं, ‘आय लॉस्ट वन्स टेम्पर’. यादीत ‘लूज वन्स टेम्पर’ असं छापलं होतं, ते तिने इमानेइतबारे उचललं होतं. ‘वन्स’ तिथे नुसता जागा अडवून बसलेला असतो, त्याला उठवून माय, हिज, हर, देअर असं काहीतरी बसवायचं असतं, हे मी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या एकाने दीड पानात अकरा वाक्प्रचार कोंबले होते. त्यातल्या एकाचाही आजूबाजूच्या वाक्यांशी संबंध नव्हता.

त्या यादीतून मुलांची शब्दसंपत्ती किती वाढली? खरं सांगायचं तर शून्य. ‘स्पिल द बीन्स म्हणजे गुपित फोडणे’ हे पाठ होतं, पण ‘स्पिल’ म्हणजे काय विचारलं की सगळे गप्प. तीन शब्दांचा अर्थ एका गठ्ठ्यात मिळाला आणि आतले शब्द न उघडलेल्या पाकिटासारखे तसेच राहिले.

आता मी आठवड्याला तीनच वाक्प्रचार घेते. वर्षभरात साधारण शंभर होतात आणि तेवढे पुरतात. वाक्प्रचार हा गळ समजायचा. तो टाकला की त्याला किती शब्द लागून वर येतात ते बघायचं. ज्याच्यामागे एकही कामाचा शब्द येत नाही, तो कितीही गमतीशीर असला तरी मी सोडून देते.

निवड करताना

पहिला बळी ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’चा. आपल्याकडच्या प्रत्येक पुस्तकात हा असतोच, पण आज इंग्रजी बोलणारी माणसं तो फारशी वापरत नाहीत. विश्वास बसत नसेल तर ब्रिटिश नॅशनल कॉर्पससारखा १० कोटी शब्दांचा भाषासंग्रह इंटरनेटवर उघडून शोधा. ‘कीप ॲन आय ऑन’, ‘इन द लाँग रन’, ‘मेक एंड्स मीट’ ही साध्या चेहऱ्याची मंडळी कितीतरी जास्त भेटतात. मांजर-कुत्र्यांचा पाऊस मुलांना हसवतो, म्हणून शिक्षकांना आवडतो. हसवायला माझी हरकत नाही, पण तासाची पंधरा मिनिटं त्यावर घालवायला आहे.

वहीचे दोन भाग करायला सांगते. पुढून ‘कळले पाहिजेत’ आणि मागून ‘वापरता आले पाहिजेत’. ऐकताना, वाचताना अडू नये म्हणून बरेच वाक्प्रचार ओळखीचे असावे लागतात. स्वतःच्या तोंडी मात्र थोडेच शोभतात. ‘किक द बकेट’ कायम पुढच्या भागात राहतो. मराठीत आपण ‘आजोबा गचकले’ असं सांत्वनाच्या पत्रात लिहू का? मग इंग्रजीतही ‘पास्ड अवे’च. एवढं एक उदाहरण दिलं की शब्दांचा दर्जा, प्रसंग वगैरे वेगळं समजवावं लागत नाही. मुलांना ते मराठीतून आधीच येत असतं.

आधी चित्र, मग अर्थ

‘स्पिल द बीन्स’ मी कसा घेते ते सविस्तर सांगते, कारण बाकीचे साधारण याच चालीने जातात.

वाळक्या बियांनी भरलेला पत्र्याचा डबा घेऊन वर्गात जाते. काही बोलत नाही. डबा टेबलाच्या कडेला ठेवते आणि हाताचा धक्का लागल्यासारखं करते. पत्रा आणि फरशी मिळून जो आवाज होतो, त्याने शेवटच्या बाकावरची झोपसुद्धा उडते. बिया बाकांखाली जातात, दोन-चार दप्तरांत शिरतात. मग मी म्हणते, ‘आय स्पिल्ड द बीन्स.’ इथे वाक्याचा अर्थ शब्दशः आहे, आणि तो तसाच हवा. गोळा करायला लावते. पाच मिनिटं गोळा करूनही डबा पहिल्यासारखा भरत नाही. कुणीतरी म्हणतंच, ‘मॅडम, सगळ्या नाही मिळणार आता.’ या वाक्याचीच मी वाट बघत असते. ‘असं अजून काय असतं, एकदा बाहेर पडलं की परत आत घालता येत नाही?’ पाणी, टूथपेस्ट, शब्द अशी उत्तरं येतात. आणि कुणीतरी ‘गुपित’ म्हणतं. अर्थ मी सांगत नाही, त्यांच्याकडून आलेला असतो.

आता गळ ओढायचा. ‘स्पिल’ म्हणजे सांडणे, पण ‘पोर’ म्हणजे ओतणे. फरक काय? ओतणारा मुद्दाम ओततो, सांडणाऱ्याच्या हातून सांडतं. ‘लीक’ म्हणजे गळणे. आणि गंमत अशी की ‘लीक’सुद्धा गुपितांसाठी चालतो: द न्यूज लीक्ड, द पेपर लीक्ड. मराठीत पेपर फुटतो, इंग्रजीत गळतो. फळ्यावर ‘ऑइल स्पिल’ येतं, भूतकाळाची ‘स्पिल्ड’ आणि ‘स्पिल्ट’ अशी दोन्ही रूपं येतात, ‘रिव्हील’ आणि ‘सीक्रेट’ येतात, ‘स्पिल ओव्हर’ येतं. एका वाक्प्रचारापाठोपाठ सात-आठ शब्द येतात आणि सगळे त्या फरशीवरच्या आवाजाला बांधलेले असतात.

मग एक दिवस वर्गातल्या एका मुलाने अशी गोष्ट काढली की मी ती आता दरवर्षी वापरते. ‘मॅडम, आपल्याकडे मूग गिळून गप्प बसतात आणि त्यांच्याकडे बीन्स सांडल्या की बोंबाबोंब होते. म्हणजे कडधान्य आत तर गुपित आत, कडधान्य बाहेर तर गुपित बाहेर.’ दोन्ही वाक्प्रचारांचा एकमेकांशी काहीएक संबंध नाही, पण आठवणीत ठेवायला यापेक्षा घट्ट खुंटी मला अजून सापडलेली नाही.

मराठीचा हात धरून, पण डोळे उघडे ठेवून

इंग्रजीच्या तासाला मराठी आणायची नाही, असा नियम मी कधीच मानला नाही. मुलांच्या डोक्यात शेकडो मराठी वाक्प्रचार तयार असतात, ते भांडवल बाहेर ठेवून वर्गात कशाला शिरायचं? नाक खुपसणे, पाठ फिरवणे, डोळ्यांत धूळ फेकणे, यांची इंग्रजी भावंडं हुबेहूब आहेत. तिथे फक्त क्रियापद शिकवायचं: पोक, टर्न, थ्रो. ‘पोटात गोळा येणे’ आणि ‘बटरफ्लाइज इन द स्टमक’ ही मात्र चुलत भावंडं. पोट तेच, पण गोळ्यात भीती जास्त आणि फुलपाखरांत हुरहूर जास्त. परीक्षेच्या निकालाआधी गोळा, रंगमंचावर जाण्याआधी फुलपाखरं, असं मी सांगते.

खरा धोका सारख्या दिसणाऱ्या फसव्यांचा. यांचं एक पान मी वहीत वेगळं ठेवायला लावते. ‘पाय ओढणे’ म्हणजे वर जाणाऱ्याला खाली खेचणे. ‘पुल समवन्स लेग’ म्हणजे निव्वळ थट्टा. एका मुलाने मित्राबद्दल तक्रार लिहिली होती, ‘ही ऑलवेज पुल्स माय लेग’. वाचणाऱ्याला तो मित्र मोठा गमत्या वाटला असता. ‘हात धुऊन मागे लागणे’ म्हणजे पिच्छा न सोडणे. ‘वॉश युअर हँड्स ऑफ इट’ म्हणजे हात झटकून मोकळं होणे. बायबलमधला रोमन सुभेदार पिलात (इंग्रजीत पायलेट) लोकांसमोर हात धुतो आणि जबाबदारी नाकारतो, तिथून तो आला. पाणी एकच, दिशा उलट्या. ‘कान भरणे’ आणि ‘गेट ॲन इअरफुल’ यांतही कान भरतात, पण एकात चहाडीने आणि दुसऱ्यात बोलणी खाऊन.

उलट दिशेची चूक त्याहून जास्त दिसते. ‘डोन्ट ईट माय हेड’ हे वाक्य मी इतक्या वह्यांत वाचलंय की आता तांबडी रेघही मारवत नाही. पण तीच संधी असते. ‘तुला काय म्हणायचंय? छळतोय? वैताग आणतोय?’ मग ‘पेस्टर’, ‘बॉदर’, ‘गेट ऑन माय नर्व्ह्ज’ असे तीन पर्याय देते. चूक करणाऱ्याला ते तीनही राहतात, कारण गरज त्याची होती.

‘कानाडोळा’ फोडून बघा

हा माझा सर्वांत लाडका तास. फळ्यावर एकच मराठी शब्द लिहिते: कानाडोळा. विचारते, यात अवयव किती दिसतात? दोन. इंग्रजीने हे दोन अवयव वेगळे संसार करायला लावलेत: ‘टर्न अ ब्लाइंड आय’ आणि ‘टर्न अ डेफ इअर’. चुकीचं काही दिसत असून न पाहिल्यासारखं केलं तर डोळा. विनंती किंवा तक्रार ऐकून न ऐकल्यासारखं केलं तर कान. मग प्रसंग देते आणि मुलांनी नुसतं डोळ्याला किंवा कानाला बोट लावायचं. परीक्षक कॉपी चालू असताना खिडकीबाहेर बघतोय? डोळा. रहिवासी नळाची तक्रार करून थकले? कान. तोंडातून अजून एकही वाक्य आलेलं नसतं आणि फरक पक्का झालेला असतो.

डोळ्याच्या वाक्प्रचाराबरोबर ब्रिटिश नौसेनानी नेल्सनची गोष्ट सांगते. १८०१ ची कोपनहेगनची लढाई. माघारीचा इशारा झाला तेव्हा नेल्सनने दुर्बीण आपल्या अधू डोळ्याला लावली आणि इशारा दिसतच नाही म्हणाला, असं सांगतात. वाक्प्रचाराचा जन्म तिथेच झाला असं मी म्हणत नाही, पण चित्र म्हणून ती गोष्ट अफलातून आहे. पाठोपाठ ‘ब्लाइंडफोल्ड’, ‘ब्लाइंड स्पॉट’, ‘कलर-ब्लाइंड’, ‘डेफनिंग’ येतात. आणि डोळा-कानाच्या दोन्ही वाक्प्रचारांच्या मागे ‘टू’ लागतो, हे सांगायला विसरू नका. मुलं तिथे हमखास ‘ऑन’ लावतात.

उगमकथांबद्दल एक सावधगिरी. इंटरनेटवर प्रत्येक वाक्प्रचाराची एक रंगतदार जन्मकथा मिळते आणि त्यातल्या बऱ्याच मागाहून रचलेल्या असतात. कुत्री-मांजरं गवती छपरावर झोपायची आणि पावसात घसरून खाली पडायची, ही त्यातलीच एक. ‘स्पिल द बीन्स’ला प्राचीन ग्रीसमधलं बियांचं मतदान चिकटवतात, प्रत्यक्षात हा वापर विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकेतला. गोष्ट सांगा, पण ‘अशी एक गोष्ट सांगतात’ एवढे चार शब्द आधी जोडा. ज्यांचा उगम पक्का आहे ते बिनधास्त सांगा. सीझरने ख्रिस्तपूर्व ४९ मध्ये रुबिकॉन नदी ओलांडली आणि परतीची वाट संपली, म्हणून ‘क्रॉस द रुबिकॉन’. तिथे ‘परतीचे दोर कापणे’ आठवलंच पाहिजे.

गट कसे पाडायचे

‘आज आपण हाताचे वाक्प्रचार शिकू’ असा तास मी बंद केला. ‘गिव्ह अ हँड’, ‘आउट ऑफ हँड’, ‘फर्स्ट-हँड’, ‘हँड्स डाउन’, ‘ऑन द अदर हँड’ एका दिवशी दिले की आठवड्याने त्यांची खिचडी होते. एकाच अर्थाचे दोन एकत्र दिले तरी तेच. म्हणून ‘स्पिल द बीन्स’च्या दिवशी ‘लेट द कॅट आउट ऑफ द बॅग’ मी काढत नाही. मांजर महिन्याभराने बाहेर येतं. भाषा-अभ्यासक थॉमस टिंकहॅम यांनी १९९३ आणि १९९७ मध्ये साध्या शब्दांवर जे प्रयोग केले, त्यांतही हेच दिसलं. एकाच जातीचे शब्द एकत्र शिकवले की शिकणं अवघड जातं, आणि एका प्रसंगात गुंफलेले शब्द सोपे जातात.

माझे गट चित्रावरून पडतात. राग म्हणजे उष्णता, हे चित्र घ्या. तळपायाची आग मस्तकात जाते, डोकं तापतं, मग कुणीतरी म्हणतं ‘डोकं थंड ठेव’. इंग्रजीतही हीच चूल पेटलेली आहे: ‘हॉट-हेडेड’, ‘माय ब्लड बॉइल्ड’, ‘लेट ऑफ स्टीम’, ‘सिमर डाउन’, ‘कीप युअर कूल’. फळ्यावर आग, वर भांडं आणि भांड्यातून निघणारी वाफ काढायची आणि प्रत्येक वाक्प्रचार आपापल्या जागी लिहायचा. ‘सिमर’ खाली मंद आचेजवळ, ‘बॉइल’ मध्ये, ‘स्टीम’ वर. रागाच्या पायऱ्याच तयार होतात. भाषेमागे अशी चित्रं असतात हे भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन यांनी १९८० मध्ये मांडलं, आणि अशा गटांनी शिकलेले वाक्प्रचार जास्त लक्षात राहतात, हे फ्रँक बूर्स यांनी २००० मध्ये दाखवलं. मला तेव्हा ही नावं ठाऊक नव्हती. मी नुसतं भांडं काढलं होतं.

जोडशब्दांना चित्र लागत नाही, कान पुरतो. ‘सेफ अँड साउंड’, ‘शॉर्ट अँड स्वीट’, ‘मेक ऑर ब्रेक’, ‘वेअर अँड टेअर’. टाळ्या वाजवत दोनदा म्हटले की बसतात. क्रम तेवढा सांभाळायचा. ‘साउंड अँड सेफ’ कुणी म्हणत नाही.

कुठे हलतो, कुठे हलत नाही

‘मूग गिळून बसला’ आपण म्हणतो. ‘हिरवे मूग गिळून बसला’ म्हटलं की खरेच मूग डोळ्यांसमोर येतात. वाक्प्रचाराच्या कोणत्या भागाला हात लावायचा नाही, हे समजवायला एवढं पुरे. मग इंग्रजीत खेळायचं. ‘द बीन्स वेअर स्पिल्ड’ चालतं, ‘स्ट्रिंग्ज वेअर पुल्ड’ (वशिला लावला गेला) हेही चालतं, पण ‘द बकेट वॉज किक्ड’ म्हटलं की फक्त बादलीला लाथ बसते, कुणी मरत नाही. ‘बीन्स’च्या आधीचा ‘द’ काढला तरी नुसती सांडासांड उरते.

प्रत्येक नव्या वाक्प्रचारावर मुलं चार प्रश्न लिहून उत्तरं भरतात: क्रियापदाचा काळ बदलतो का? ‘वन्स’ किंवा ‘समवन्स’च्या जागी कोण येतं? मागे कोणतं शब्दयोगी अव्यय लागतं? मध्ये दुसरा शब्द शिरतो का? हे काम कंटाळवाणं आहे, मुलं कुरकुरतात. करून घ्या. ‘वन्स टेम्पर’वाली ती वही मी अजून विसरलेले नाही.

‘वाक्यात उपयोग करा’

या प्रश्नाने आपल्या पिढ्यान्‌पिढ्या ‘रामूला पाहून शामूचे डोळे भरून आले’ छापाची वाक्यं लिहिली. ‘ही स्पिल्ड द बीन्स’ व्याकरणाने बरोबर आहे आणि त्यावरून लिहिणाऱ्याला काय कळलंय याचा पत्ता लागत नाही. मी तीन वाक्यांचा प्रसंग लिहायला सांगते आणि एक कसोटी लावते. वाक्प्रचारावर बोट ठेवून शेजाऱ्याला वाचायला द्यायचं. झाकलेल्या जागी काय असेल याचा अंदाज त्याला प्रसंगावरून आला तर पास. ‘आम्ही आईसाठी अचानक पार्टी ठरवली होती. धाकट्या भावाला कुणी सांगायला नको होतं. जेवताना त्याने...’ इथे बोटाखाली काय आहे हे कुणीही सांगेल. ज्याचं शेजाऱ्याला सुचत नाही, त्याने प्रसंग दुरुस्त करायचा. या खेळात मुलं एकमेकांची वाक्यं माझ्यापेक्षा कडक तपासतात.

उजळणीचं वेळापत्रक साधं आहे. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने. माणूस शिकलेलं सुरुवातीलाच सर्वांत झपाट्याने विसरतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं, त्यामुळे पहिली उजळणी चुकली तर पुढच्यांना फारसा अर्थ राहत नाही. दर वेळी प्रश्न बदलते. कधी रिकामी जागा, कधी फक्त चित्र, कधी मराठी प्रसंग. महिन्याच्या उजळणीला वाक्प्रचार विचारतच नाही, त्याच्यामागून आलेले शब्द विचारते: ओतणे आणि सांडणे यांत फरक काय, कानठळ्या बसवणारा याला काय म्हणाल? तिथे उत्तर आलं तरच तो वाक्प्रचार शिकवून झाला असं धरते.

शेवटी मुलं एक प्रश्न हटकून विचारतात: ‘मॅडम, तोंडात बोट घालणे याला इंग्रजीत काय?’ हुबेहूब काही नाही. ‘पुट युअर फुट इन युअर माउथ’मध्ये तोंड आहे, पण तिथे पाय घालतात आणि अर्थ नको ते बोलून बसणे असा होतो. मग मी सांगते, ‘शी वॉज अमेझ्ड’ लिही आणि पुढे जा.